पाकीट : राऊत

बाबा गेल्यावर टिनाची पेटी उघडली.
खिळे, काच कापायचा हिरा, वाळलेल्या खळीची वाटी,
आणि कोणी न नेलेले फोटो,
आडनावाप्रमाणे पाकिटांत.
हप्त्याभराने येतो म्हणून गेलेलं गिऱ्हाईक
पन्नास पन्नास वर्षं आलं नाही.
सगळ्यांत फुगलेलं पाकीट राऊतांचं.

नागभीडच्या आसपास राऊत किती, मोजू नयेत.
कुणबी राऊत, तेली राऊत, बौद्ध राऊत,
तळोधीकडचे गोवारी राऊत.
एकमेकांच्या लग्नपत्रिकेत नाहीत,
पण पोस्टमन नवा असला की
एकाच्या मरणाची चिठ्ठी दुसऱ्याच्या दारात पडते
आणि तिथे घटकाभर रडूनही होतं.

बाबांनी फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीने एवढंच लिहिलेलं :
राऊत. बाकी आणे बारा.
राऊत. बाकी आणे सहा.

छोट्या लाईनीवरचा एक गँगमन,
हातात भर दुपारी पेटवलेला कंदील.
फोटोवाल्यानेच सांगितलं असणार.
मालगुजाराचा दिवाणजी, पुढ्यात उघडी वही.
भिंग लावून पाहिली : कोरी.
दंडारीत बाईचं सोंग घेणारा एक, लुगड्यात, नथीत,
नुकत्या काढलेल्या मिशीची जागा
बाकी चेहऱ्याहून गोरी.
बाई एकच. मांडीवर कोशाचं सूत वळते आहे.
तिला थांब म्हणायचं कोणी विसरलं,
चेहऱ्याच्या जागी नुसती हालचाल.

आणि मेलेला वाघ. वाघावर बूट.
बुटाच्या वरचा साहेब कोणीतरी कात्रीने कापून नेलेला.
उरला कडेचा हाकेवाला, गळ्यात ढोल.
राऊत तोच.
तो वाघाकडे पाहत नाही, कॅमेऱ्याकडेही नाही.

संध्याकाळी सगळे काउंटरवर ओळीने मांडले.
जिवंतपणी यातल्या कोणी
दुसऱ्याच्या माठाला हात लावला नसता,
लावू दिला नसता.
पाकिटात मात्र तोंडाला पाठ लावून
इतके पावसाळे.
ओलीने दिवाणजी हाकेवाल्याला चिकटलेला.
ब्लेडने हळू सोडवला, तरी
दिवाणजीच्या गालाचा नखाएवढा तुकडा
हाकेवाल्याच्या खांद्यावर राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी मिंडाळ्याच्या सुगंधाबाई आल्या,
पोराचा वर्दीतला फोटो मढवायला.
ओळ दिसली. पाकिटावरचं नाव
बोट फिरवत फिरवत वाचलं.
"यातला आमचा कोनता हाय जी?"
कोणते राऊत, हे विचारायचं
माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.
गिळलं.
"नाही सांगता येत, बाई."
"सासऱ्याचा फोटोच नाही आमच्याकडं.
तेरवीले पाटावर नुसती काठी ठेवली होती त्याइची."

एकेका कपाळावर आंगठा ठेवून
ती फेट्याखालचे चेहरे बघत गेली,
दंडारीवाल्याशी थोडं हसली,
आणि ढोलावर येऊन थांबली.
"हा द्या. आमच्या घरचं नाक हाय."
"तुमचा नसला तर?"
"नसन आमचा.
कोनाचा तरी सासरा असनच ना जी."

वाघ कापायचा का, मी विचारलं.
म्हणाली, राहू द्या, मेलाच हाय तो.

पट्टी कापताना खांद्यावरचा गाल आड जात होता.
खिडकी दोन बोटं रुंद केली,
त्यात साहेबाचा बूटही आला,
इलाज नव्हता.
पैसे काचेचेच घेतले.
मागे खाकी कागद डकवण्याआधी
पुन्हा एकदा वाचलं : बाकी आणे बारा.
खोडावं असं वाटलं, रबर शोधलाही,
मग कागदच लावला वरून.

ती एका हातात पोरगा, एका हातात सासरा
घेऊन बसस्टँडकडे गेली.
मी आतल्या ओळीत
एका माणसाएवढी मोकळी जागा पाहिली
आणि गँगमनला थोडा सरकवला.